मधला जिना कोणाचा? : मुंबई महानगर प्रदेशातील वाहतूक-समन्वयाची चिकित्सा

१

मुंबई आणि तिच्या भोवतालच्या प्रदेशाच्या वाहतुकीवर गेल्या पासष्ट वर्षांत जे अहवाल लिहिले गेले, ते वाङ्मय म्हणून कोणी वाचत नाही. अभियंते त्यांतले आकडे घेतात, कंत्राटदार नकाशे घेतात, वर्तमानपत्रे खर्चाचा आकडा घेतात. उरलेला मजकूर कपाटात राहतो. मी अभियंता नाही, वाहतूकशास्त्राचे रीतसर शिक्षणही मी घेतलेले नाही. पण हे अहवाल आणि त्यांच्यामागून आलेले कायदे, आदेश, योजना बरीच वर्षे वाचत आल्यामुळे एक मत बनले आहे: एखाद्या ग्रंथाची चिकित्सा करावी तशी यांचीही व्हायला हवी. कोणता शब्द पानोपानी येतो आणि कोणता कधीच येत नाही, हे पाहिले की लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोण होते ते कळते.

पानोपानी येणारा शब्द आहे 'समन्वय'. मराठी वाचकाला तो जुन्या ओळखीचा आहे. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायाचे नावच समन्वयाध्याय. निरनिराळ्या उपनिषदांत विखुरलेली वाक्ये एकाच तात्पर्याकडे कशी जातात, हे दाखवणे हा त्या अध्यायाचा उद्देश. शाळेत कवितेचा अन्वय लावताना आपण हेच लहान प्रमाणावर करत होतो. मागेपुढे झालेले शब्द अर्थाच्या क्रमाने लावून वाक्य पुरे करायचे. शासकीय मराठीत मात्र समन्वय म्हणजे समिती. समितीची बैठक झाली, इतिवृत्त लिहिले गेले, की समन्वय झाला.

प्रवाशाचा प्रवास हे एक वाक्य आहे असे धरून चालू. घरापासून बसथांबा, बस, स्थानक, लोकल, पुन्हा स्थानक, मेट्रो, मग कामाची जागा. आपल्याकडे यातला प्रत्येक शब्द उच्चारणारी स्वतंत्र संस्था आहे; अन्वय लावणारे कोणी नाही. या लेखात मला एवढेच दाखवायचे आहे की मुंबई महानगर प्रदेशात प्रत्येक मार्गाला मालक आहे, पण गाडी बदलण्याला मालक नाही. एका गाडीतून उतरून दुसरीत चढेपर्यंत जी जागा लागते, जे पैसे लागतात आणि जो वेळ जातो, त्या तिन्हींची जबाबदारी कोणत्याही एका संस्थेवर नाही. म्हणून त्यांच्यासाठी अंदाजपत्रक नाही, नियोजन नाही, आणि चुकले तर जाब विचारायला दारही नाही.

२

या प्रश्नाचा इतिहास थोडक्यात पाहू, कारण समन्वयाचा विचार आपल्याकडे उशिरा सुचला असे कोणी म्हणू नये. मुंबई राज्याने १९५८ साली स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली बृहन्मुंबईसाठी अभ्यासगट नेमला. १९५९ च्या फेब्रुवारीत त्याने अहवाल दिला. ठाण्याच्या खाडीवर रेल्वे आणि रस्ता दोन्ही वाहून नेणारा पूल बांधावा, म्हणजे शहराची वाढ पलीकडच्या मुख्य भूमीवर नेता येईल, ही त्यातली महत्त्वाची शिफारस. पुढे १९६५ मध्ये धनंजयराव गाडगीळ यांची समिती आली. तिने उद्योगांचे नियोजित विकेंद्रीकरण आणि खाडीपलीकडे एकाऐवजी अनेक केंद्रे असलेली वस्ती सुचवली. त्याच वर्षी चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' या नियतकालिकात नव्या शहराची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई प्रत्यक्षात उभी राहू लागली.

आता तारखा पाहा. खाडीवर रस्त्याचा पूल सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला झाला. रेल्वे मानखुर्दहून वाशीला पोहोचली १९९२ साली. बर्व्यांनी रेल्वे आणि रस्ता एका दमात उच्चारले होते. प्रत्यक्षात दोहोंमध्ये सुमारे दोन दशकांचे अंतर पडले आणि शिफारशीपासून पहिल्या लोकलपर्यंत तेहतीस वर्षे गेली. या मधल्या काळात ज्यांनी नव्या शहरात घर घेतले, त्यांनी नियोजनाच्या पुस्तकातले स्वयंपूर्ण केंद्र घेतले होते; रोज मात्र त्यांना बसने खाडी ओलांडून जुन्या शहरातच कामाला यावे लागत होते.

याच काळातला दुसरा एक आराखडा बाजूला ठेवून पाहण्यासारखा आहे. विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार संस्थेने १९६३ च्या सुमारास मुंबईसाठी जलद रस्त्यांचे जाळे सुचवले होते. त्यातल्या पश्चिम किनाऱ्याच्या मार्गाचे बीज पुढे वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या रूपाने उगवले. तो २००९ मध्ये खुला झाला. चाळीसहून अधिक वर्षे ती रेघ कोणत्या ना कोणत्या नकाशावर जिवंत राहिली. काँक्रीटच्या रेघेला असा दीर्घायुष्याचा वर मिळतो. बस आणि लोकल यांच्या जुळलेल्या वेळापत्रकाला तो मिळत नाही, कारण त्याचे भूमिपूजन करता येत नाही.

तरीही वाशीची रेल्वे शेवटी झाली, आणि ती कशी झाली हे महत्त्वाचे आहे. नवी मुंबईतील रेल्वेचा खर्च सिडकोने ६७ टक्के आणि रेल्वेने ३३ टक्के या प्रमाणात उचलला. जमीन सिडकोची होती. रेल्वे आली की त्या जमिनीचे मोल वाढणार होते आणि वाढलेल्या मोलातून रेल्वेचा खर्च निघणार होता. म्हणूनच वाशी, बेलापूर ही स्थानके व्यापारी इमारतींसह बांधली गेली. जिथे जमीन, पैसा आणि गाडी यांचा हिशेब एका वहीत आला, तिथे समन्वय झाला. ही गोष्ट पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवायला हवी.

३

पहिला मुद्दा जागेचा. समन्वय साधण्यासाठीच जी संस्था जन्माला आली, तिच्यापासून सुरुवात करणे न्याय्य ठरेल. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण १९७५ मध्ये स्थापन झाले. आज या प्रदेशात नऊ महानगरपालिका आहेत, शिवाय नगरपालिका आणि शेकडो गावे. या सगळ्यांच्या वरून पाहणारी नजर हवी, हा प्राधिकरणामागचा विचार रास्तच होता. १९७७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलाच्या नियोजनाचे अधिकार या प्राधिकरणाकडे आले. दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांचा भार उत्तरेकडे सरकवायचा, हा हेतू.

संकुल झाले, आणि व्यापारी दृष्टीने उत्तम झाले. पण त्याच्या नावातच त्याची अडचण लिहिलेली आहे. ते वांद्र्याला नाही आणि कुर्ल्यालाही नाही. दोन स्थानकांच्या मध्ये आहे. एका बाजूला पश्चिम रेल्वे, दुसऱ्या बाजूला मध्य आणि हार्बर, आणि मधोमध लाखभर माणसांचे काम. स्थानकातून उतरून तिथे पोहोचायचे तर बस किंवा रिक्षाची रांग. संकुलाच्या पोटात मेट्रोचे स्थानक सुरू झाले ऑक्टोबर २०२४ मध्ये. म्हणजे संपूर्ण प्रदेशाचे नियोजन करणाऱ्या संस्थेने, स्वतःच्या ताब्यातल्या जमिनीवर, स्वतःच्या नियमांनी जे केंद्र वसवले, त्याच्या दारात रुळावरची गाडी यायला सत्तेचाळीस वर्षे लागली. इथे दोष निधीचा किंवा कौशल्याचा नव्हता. जमीन प्राधिकरणाकडे, लोकल रेल्वे मंत्रालयाकडे, बस महापालिकेच्या उपक्रमाकडे. स्थानक ते कचेरी हे दोन-तीन किलोमीटर कोणाच्याच वहीत नव्हते.

या न-मालकीची सर्वांत मोठी किंमत शहराने २९ सप्टेंबर २०१७ रोजी मोजली. तेव्हाचे एल्फिन्स्टन रोड, आताचे प्रभादेवी, हे पश्चिम रेल्वेचे स्थानक आणि मध्य रेल्वेचे परळ ही एकमेकांना लागून आहेत. त्यांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलाच्या जिन्यावर सकाळच्या गर्दीत, पावसात, चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे मेली.

त्या पुलाचा अर्थ नीट लावायला हवा. ही स्थानके गिरणगावासाठी होती. गिरणी कामगार पाळ्यांनी यायचा आणि बहुतेक वेळा चालत यायचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओसरल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीच्या पुनर्विकासाला वाट करून दिली आणि तिथे कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. त्या कचेऱ्यांत येणारा माणूस कल्याणहून, विरारहून, पनवेलहून येऊ लागला. त्याला एका रेल्वेतून उतरून दुसऱ्या रेल्वेच्या बाजूला जावे लागू लागले. जमिनीच्या वापराचा निर्णय राज्याने आणि पालिकेने घेतला. स्थानके दोन रेल्वेंची होती. वाढलेली इमारत कोणाच्या तरी मंजुरीने वाढली. तिच्यामुळे वाढलेली जिन्यावरची माणसे मात्र कोणाच्याच मंजुरीच्या कागदावर नव्हती. दुर्घटनेनंतर लष्कराला पाचारण करून नवा पूल बांधला गेला आणि तो फेब्रुवारी २०१८ मध्ये, म्हणजे पाच महिन्यांत, खुला झाला. पूल बांधणे इतके अवघड नव्हते, हेच त्यातून सिद्ध होते. बांधायचा कोणी, हे ठरणे अवघड होते.

याच्या तुलनेत किरकोळ वाटेल असा एक पुरावा दादरचा. पश्चिम आणि मध्य रेल्वेचे दादर एकाच नावाचे, एकाच पुलांनी जोडलेले. पण दोन्हीकडे फलाट क्रमांक एकपासून सुरू होत. 'दादर, एक नंबर' असे सांगितलेला नवखा माणूस चुकीच्या रेल्वेच्या एक नंबरवर उभा राहू शकत असे. मध्य रेल्वेचे फलाट पश्चिमेच्या क्रमांकांना जोडून आठपासून मोजायला सुरुवात झाली डिसेंबर २०२३ मध्ये. या दोन रेल्वे १९५१ मध्ये आजच्या नावांनी अस्तित्वात आल्या. म्हणजे एक ते चौदा असे सलग मोजायला बहात्तर वर्षे लागली. या कामाला लागला फक्त पाट्यांचा रंग.

४

दुसरा मुद्दा पैशांचा. डोंबिवली पूर्वेला राहणारी आणि अंधेरीच्या सीप्झमध्ये काम करणारी एखादी बाई डोळ्यांपुढे आणा. घरापासून स्थानकापर्यंत कल्याण-डोंबिवली पालिकेची बस किंवा शेअर रिक्षा. डोंबिवली ते घाटकोपर मध्य रेल्वेची लोकल. घाटकोपर ते मरोळ नाका मेट्रो एक. मरोळ नाक्याहून सीप्झपर्यंत मेट्रो तीन. एक प्रवास, चार वाहने, चार संस्था. मेट्रो एक चालवणारी कंपनी वेगळी आणि मेट्रो तीनची वेगळी, त्यामुळे मेट्रोतून मेट्रोत जातानाही भाडे नव्याने सुरू होते.

भाडेरचनेचे एक साधे तत्त्व आहे. पहिल्या टप्प्याचे भाडे जास्त असते, पुढे अंतर वाढेल तसा प्रत्येक किलोमीटरचा दर उतरत जातो. लांब जाणाऱ्याला ही सवलत असते. पण प्रवास चार तुकड्यांत मोडला की चारही वेळा महागडा पहिला टप्पा द्यावा लागतो आणि उतरत्या दराचा लाभ कुठेच पुरता मिळत नाही. तीच व्यक्ती एका गाडीने तेवढेच अंतर गेली असती तर कमी पैसे पडले असते. म्हणजे गाडी बदलण्याची गैरसोय प्रवाशाने सोसायची आणि वर तिचा दंडही भरायचा. हा दंड पडतो तो ज्यांना थेट गाडीच्या वाटेवर घर परवडत नाही त्यांच्यावर. लोकलचा मासिक पास स्वस्त असल्याने हे दुखणे पूर्वी झाकले जाई. पण तो पास फलाटापर्यंतच. स्थानकाच्या दाराबाहेर त्याची सत्ता संपते.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी 'मुंबई वन' हे ॲप सुरू झाले. लोकल, मेट्रोच्या मार्गिका, मोनो, नवी मुंबईची मेट्रो, बेस्ट आणि ठाणे, मीरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई या पालिकांच्या बस, अशा अकरा सेवांची तिकिटे त्यावर मिळतात. सोय म्हणून त्याचे स्वागतच करायला हवे. चार रांगांऐवजी एकदा बोट लावावे लागते हे काही थोडे नाही. पण त्याला समन्वय म्हणणे म्हणजे चार दुकानांची बिले एका पिशवीत घालून त्यांना एक खरेदी म्हणण्यासारखे आहे. पिशवी एक झाली, बेरीज तीच राहिली. एकत्र तिकीट आणि एकत्र भाडे यांत फरक आहे. पहिल्याला तंत्रज्ञान पुरते. दुसऱ्यासाठी संस्थांना आपापले उत्पन्न एका पेटीत टाकून ठरलेल्या सूत्राने वाटून घ्यावे लागते, आणि तिथे प्रश्न सत्तेचा येतो.

पैशांच्या समन्वयाचे एक जुने उदाहरण याच शहरात होते आणि ते आपण हातचे घालवले. बेस्टच्या नावात वीज आणि वाहतूक दोन्ही आहेत. १९०७ मध्ये विजेची ट्राम, १९२६ मध्ये बस, आणि १९४७ मध्ये हा सगळा कारभार महापालिकेकडे. दीर्घकाळ विजेच्या शिलकीतून बसची तूट भरली गेली. २००३ च्या वीज कायद्यानंतर आणि नियामकांच्या व्यवस्थेत हे करणे कठीण होत गेले. विजेच्या ग्राहकाने बसच्या प्रवाशाचा तोटा का भरावा, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने बिनतोड आहे. शहराच्या दृष्टीने तो अर्धवट आहे, कारण ज्या दुकानाचे दिवे त्या विजेवर जळतात, त्या दुकानातली नोकर माणसे आणि गिऱ्हाइके त्याच बसने येतात. तरीही प्रश्न मान्य करू. मग विजेच्या जागी दुसरा कोणता झरा शोधला गेला? कोणताही नाही. साधारण पंधरा वर्षांपूर्वी साडेचार हजारांच्या घरात असलेला बेस्टचा बसताफा आटत गेला. स्वतःच्या मालकीच्या बस तर हजाराच्याही खाली आल्या आणि उरलेली सेवा भाडेतत्त्वावरच्या गाड्यांवर टेकली.

भाड्याचे धोरणही असेच हेलकावे खात राहिले. जुलै २०१९ मध्ये बेस्टचे किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आले; मे २०२५ मध्ये ते ५ वरून १० झाले. दोन्ही निर्णयांमागे त्या त्या वेळची कारणे होती. पण किमान भाड्याचा टप्पा हा बहुतेक वेळा स्थानकाला जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाशाचा टप्पा असतो. तो दुप्पट करणे म्हणजे लोकलच्या प्रवाशाचा एकूण खर्च बदलणे. तरी या निर्णयाचा लोकलच्या भाड्याशी काही संबंध आहे, असे मानायला आपल्याकडे कोणतीच यंत्रणा बांधील नाही.

५

तिसरा मुद्दा वेळेचा, आणि इथे थोडे गणित करावे लागेल. ठरावीक अंतराने गाड्या धावत असतील आणि प्रवासी कधीही येत असेल, तर त्याला सरासरी त्या अंतराच्या निम्मा वेळ थांबावे लागते. चार मिनिटांनी गाडी असेल तर दोन मिनिटे. चाळीस मिनिटांनी असेल तर वीस. म्हणून दादर-ठाणे पट्ट्यात बस आणि लोकल यांची वेळ मुद्दाम जुळवण्याची गरज नाही. तिथे वारंवारिता हाच समन्वय. पण कर्जतच्या पुढे खोपोलीकडे किंवा उरणच्या बाजूला गेलात, की दोन गाड्यांमधले अंतर बरेच वाढते. तिथे लोकल यायच्या दोन मिनिटे आधी बस निघून गेली, तर त्या बसचा असून नसून सारखाच उपयोग. महानगर प्रदेशाच्या याच कडांवर आज स्वस्त घरे उभी राहत आहेत. जिथे वेळापत्रक जुळवण्याची निकड सर्वांत जास्त, तिथेच ते जुळवणारे कोणी नाही.

स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये देशभर ठरावीक अंतराने धावणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक आणले. त्यामागची कल्पना सोपी आहे: गाड्या मोठ्या स्थानकात साधारण एकाच वेळी येतात, काही मिनिटे थांबतात, बस बाहेर उभ्या असतात, माणसे बदलतात, आणि सगळ्या पुन्हा निघतात. आधी वेळापत्रक ठरते. ते पाळण्यासाठी कुठे बोगदा हवा, कुठे जादा रूळ हवा, हे त्यातून निघते. आपला क्रम उलटा आहे. आधी मार्गिका बांधायची, मग तिच्यावर गाडी धावेल, मग बसवाल्यांना कळेल, मग थांबा कुठे ठेवायचा यावर पत्रव्यवहार होईल.

आपल्याकडे वेळेचा समन्वय करणारा एकच घटक मला दिसतो, तो म्हणजे स्थानकाबाहेरचा शेअर रिक्षावाला. कोणती लोकल किती वाजता येते, तिच्यातून किती माणसे कोणत्या जिन्याने उतरतात, पाऊस असला की काय होते, हे त्याला तोंडपाठ असते. तो गाडी भरली की निघतो आणि पुढच्या लोकलच्या आत परततो. अहवालांत त्याचा उल्लेख बहुधा कोंडीचे कारण म्हणून येतो. त्याच्या भाड्यावर, रात्रीच्या सुरक्षिततेवर, तिसऱ्याच्या जागी चौथा बसवण्यावर टीका जरूर व्हावी. पण तो जे काम करतो ते काम सार्वजनिक संस्थांनी टाकून दिलेले आहे, आणि ते करण्यासाठी जे ज्ञान लागते ते त्याच्याकडे आहे, एवढे तरी मान्य व्हायला हवे. नियोजनाच्या भाषेत घर ते स्थानक या तुकड्याला 'शेवटचा मैल' म्हणतात. घरून निघालेल्या बाईचा तो पहिला मैल असतो. नियोजनकार कोणत्या टोकाला बसून प्रवास पाहतो, ते या एका शब्दात दिसते.

६

या सगळ्यावर नेहमी दिली जाणारी दोन उत्तरे तपासली पाहिजेत. पहिले उत्तर असे, की रेल्वे केंद्राची, बस पालिकेची, मेट्रो निरनिराळ्या कंपन्यांची. घटनात्मक रचनाच अशी असल्यावर कोण काय करणार? या उत्तराला हॅम्बुर्गने १९६५ मध्येच छेद दिला आहे. तिथेही संघराज्याची रेल्वे आणि शहराची वाहतूक कंपनी वेगवेगळ्या होत्या. कोणीही कोणाला गिळले नाही. त्यांनी मिळून एक परिवहन संघ स्थापन केला, भाडे एक केले आणि जमा एका सूत्राने वाटून घेतली. झ्युरिकचा असाच संघ १९९० मध्ये कामाला लागला. तो स्वतः गाड्या चालवत नाही. गाड्या रेल्वे आणि स्थानिक कंपन्याच चालवतात. संघ सेवा ठरवतो, भाडे ठरवतो आणि तूट निघाली की ती कॅंटन आणि नगरपालिका निम्मी निम्मी भरतात. तूट कोणी भरायची हे आधी ठरलेले असल्याने ती दरवर्षीच्या भांडणाचा विषय होत नाही. मुंबईची गर्दी झ्युरिकच्या कितीतरी पट आहे, तुलना कशी करता, असे कोणी म्हणेल. गर्दी जास्त म्हणजे गाडी बदलणारी माणसेही जास्त. मग गरज कमी कशी होते? आणि जमीन, पैसा, गाडी एका वहीत आणून वाशीची रेल्वे आपणच केली होती. ते सूत्र परदेशी नव्हते.

दुसरे उत्तर असे, की आपण प्राधिकरण नेमले आहेच. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने दहा लाखांवरच्या शहरांत एकत्रित महानगर परिवहन प्राधिकरण असावे असे सांगितले. मुंबईत ते मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली शासनाच्या आदेशाने नेमले गेले. २०१७ च्या मेट्रो धोरणाने केंद्राची मदत हवी असेल तर असे प्राधिकरण आवश्यक ठरवले. पण आदेशाने नेमलेली संस्था इतर संस्थांना विनंती करू शकते, बांधून घालू शकत नाही. चेन्नईने २०१० मध्ये, केरळने २०१९ मध्ये, बंगळूरने २०२२ मध्ये यासाठी कायदे केले. कायदा पुरेसा असतो असेही नाही. चेन्नईचा कायदा अमलात यायलाच जवळजवळ दशक गेले. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की प्राधिकरणाच्या हाती काय दिले. अध्यक्ष किती मोठा अधिकारी आहे याने फरक पडत नाही. मुख्य सचिवांच्या टेबलावर शंभर विषय असतात. घाटकोपरचा जिना हा त्यांतला एकशे एकावा.

माझ्या मते अशा संस्थेकडे तीन अधिकार असले तरच तिला अर्थ आहे. सबंध प्रदेशाचे भाडे एका तक्त्यात ठरवण्याचा आणि जमा वाटण्याचा. बस, लोकल, मेट्रो यांचे वेळापत्रक एकत्र मंजूर करण्याचा. आणि स्थानकाभोवतीच्या, समजा पाचशे मीटरांतल्या, जिने, पूल, पदपथ, थांबे यांवर खर्च करण्याचा. हा तिसरा अधिकार लहान दिसतो. पण परळच्या पुलाने दाखवले आहे की माणसे मार्गावर नाही, तर दोन मार्गांच्या मधल्या जागेत मरतात. या कामासाठी पैसा कुठून, या प्रश्नाचेही उत्तर वाशीत आहे: मार्ग आल्याने ज्या जमिनीचे मोल वाढते, तिच्याकडून.

यात धोका नाही असे नाही. नऊ महानगरपालिकांच्या निवडून आलेल्या सभागृहांवर आणखी एक न निवडलेली संस्था बसवण्याबद्दल शंका घेणे योग्यच आहे. म्हणून तिच्यात पालिकांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावेत आणि तिचे हिशेब जाहीर असावेत. पण आजची अवस्था अधिक लोकशाहीची आहे असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. आज मतदाराला बससाठी नगरसेवकाला, लोकलसाठी खासदाराला जाब विचारता येतो. बसमधून उतरून लोकलपर्यंत चालण्यासाठी कोणालाच नाही.

या प्रदेशाचा पुढचा वाहतूक अहवाल कधीतरी येईलच, आणि त्याबरोबर रंगीत रेघांचा नकाशाही. वर्तमानपत्रांत तो छापून येईल तेव्हा माझी वाचकांना एवढीच विनंती आहे, की रेघा किती किलोमीटरच्या आहेत हे आधी पाहू नये. जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे एक ठिपका असतो. त्या ठिपक्यावर बोट ठेवून तीन गोष्टी शोधाव्यात: इथे गाडी बदलणाऱ्याला भाडे पुन्हा पहिल्यापासून द्यावे लागणार का, दुसरी गाडी किती मिनिटांत मिळेल याची हमी कोणी दिली आहे, आणि मधला जिना कोणाच्या अंदाजपत्रकात आहे. या तीन उत्तरांची पाने अहवालात नसतील, तर त्यात 'समन्वय' हा शब्द कितीही वेळा आलेला असो, अन्वय अजून लागलेला नाही असे समजावे.